हात मांडीखाली

मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही. हे मी नाही, माझं नावच सांगतं. शाळेच्या हजेरीतलं नाव सोडा, ते बाईंसाठी आहे. आमच्या मंडळींनी मला दिलेलं खरं नाव हाताने सांगायचं असतं. अंगठा आणि पहिलं बोट ओठांजवळ धरायचं आणि चोचीसारखं उघड-मीट, उघड-मीट करायचं. चिमणी! मी चार वर्षांची असताना हे नाव पडलं आणि तेव्हापासून चोच काही मिटलेली नाही.

आई-बाबा दोघेही जन्मापासून बहिरे. मी ऐकते, म्हणजे घरातली विचित्र मीच. आमच्याकडे दारावरची बेल दाबली की वाजत नाही, स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकतो. हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे थरथर पोचते. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर येऊन म्हणाल्या, "अगं, रोज कुस्ती चालते का तुमच्याकडे?" मी म्हटलं, "नाही काकू, बाबांना जेवायला बोलावतेय."

बाबा जुने सोफे उसवून नव्याने शिवतात. आई शाळांचे गणवेश शिवते. तिचं मशीन कुरकुरायला लागलं की तिला कळत नाही, तेल मी घालते. फोन घेणं, दुकानदाराशी घासाघीस करणं, घरमालकाला गप्प करणं, ही सगळी माझीच खाती. पालकसभेलासुद्धा माझ्याबद्दलच्या तक्रारी मीच आईला सांगायचे. त्या वर्षांत माझं वागणं फार सुधारलं होतं, असं आईचं मत आहे.

दर रविवारी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत आमचं मंडळ भरतं. तीस-चाळीस माणसं, आणि आवाज म्हणाल तर फक्त खुर्च्या सरकण्याचा आणि हसण्याचा. मंडळाचे प्रमुख मिशीकाका. आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, आता निवृत्त आहेत. मिशी त्यांनी वीस वर्षांपूर्वीच काढली, पण नाव एकदा पडलं की पडलं. ओठावर दोन बोटं फिरवली की सगळे त्या गुळगुळीत तोंडाच्या माणसाकडे बघतात.

मंडळाची मागणी एकच होती: मोठ्या हॉस्पिटलमध्ये हातांची भाषा जाणणारा एक दुभाषी हवा. दोन वर्षं अर्ज चालले होते. शेवटी हॉस्पिटलच्या अधीक्षक बाईंनी चर्चेला बोलावलं, आणि मंडळाचं बोलणं त्यांना सांगायला मी गेले.

आता मागचापुढचा विचार करता, त्या दिवशी मी जायला नको होतं. पण आदल्याच आठवड्यात मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते! ज्या मुलीला सातवीत वर्गासमोर उभं राहिलं की घाम फुटायचा, तिला कप मिळाला होता, दोन कानांचा. मी हवेत होते. मिशीकाकांचे हात हलायचे आणि माझ्या तोंडून नुसता धबधबा. ते म्हणाले, "आम्हाला अडचण होते." मी म्हटलं, "बाई, विचार करा, तुमच्या पोटात दुखतंय आणि आख्ख्या इमारतीत तुमची भाषा कळणारं एक माणूस नाही!" कारकुनाने लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. अधीक्षक बाईंच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

मग त्या म्हणाल्या, "किती गोड, किती हुशार मुलगी! अहो, हिच्यासारखी मुलगी घरात असताना तुम्हाला दुभाषी कशाला हवा?"

आणि मी हे वाक्यसुद्धा हातांनी सांगितलं. हसत हसत. 'गोड'ला गालावर बोट फिरवून, 'हुशार'ला जरा जास्तच ठसका देऊन. शेवटच्या शब्दाला पोचले तेव्हा मिशीकाकांचा चेहरा पाहिला आणि माझे हात हवेतच राहिले.

पुढच्या रविवारी मंडळात मी कोपऱ्यात बसले होते. मिशीकाका समोर येऊन बसले.

"चिमणी, तू फार चांगलं काम केलंस. तेच चुकलं."

"मग पुढच्या वेळी मी येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी हॉस्पिटलचं नवं पत्र दाखवलं. पुन्हा चर्चेला बोलावलं होतं, आणि खाली लिहिलं होतं: 'संवादाच्या सोयीसाठी मुलीस सोबत आणावे.'

"येशील," मिशीकाका म्हणाले, "पण हात मांडीखाली."

"आणि तोंड?"

"तोंडही."

मागून कोणीतरी म्हणालं, "तोंड तिच्या ताब्यात असतं का?" आणि सगळी खोली हसली. बाबा सगळ्यात मोठ्याने. बाबांचं हसणं म्हणजे कपाट सरकवल्यासारखं असतं. त्यांना ते माहीत नाही आणि मी सांगणारही नाही.

मग आई उठली. आई मंडळात फार बोलत नाही. तिने पाय आपटून सगळ्यांना आपल्याकडे वळवलं.

"पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे," ती म्हणाली. "गळ्याची. मग रिपोर्ट येईल. चांगला येईल, नाहीतर वाईट येईल. तो मला मोठ्या माणसाच्या हातांतून हवा आहे. माझ्या मुलीच्या चेहऱ्यावरून नको."

सगळ्यांना वाटलं, आई छान बोलली. मला वाटलं, हिला कळलं की काय?

कारण एक गोष्ट होती, जी मी तीन वर्षं कोणाला सांगितली नव्हती. म्हणजे बघा, एवढी बडबडी मी, आणि नेमकी तीच गिळून बसलेले.

चर्चेच्या दिवशी आम्ही चौघं गेलो: मिशीकाका, आई, बाबा आणि मी. अधीक्षक बाईंच्या खोलीत वेताच्या विणीच्या खुर्च्या होत्या. बसल्या बसल्या मी दोन्ही हात मांडीखाली सरकवले. जाळी तळव्यांना टोचत होती. टोचू दे, म्हटलं.

"आलीस का बाळा!" बाई म्हणाल्या. "चल, सुरू करूया."

मिशीकाकांनी घरून लिहून आणलेला कागद टेबलावर ठेवला. छापखान्यातल्या माणसाचं अक्षर ते, एकेक सुटं आणि सरळ रेषेत: 'आज मुलगी दुभाषी नाही. आम्ही रुग्ण. तुम्ही समजवा.' आणि आईने त्यावर आपल्या तपासणीची चिठ्ठी ठेवली. हॉस्पिटलनेच दिलेली, चार ओळींची. घरी ती चिठ्ठी तिने मला दाखवलीच नव्हती. मी मागितली तेव्हा ब्लाउजमध्ये घातली.

"बरं, बघू," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या हं, खरंच. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली आणि आईकडे वाकून म्हणाल्या, "तपासणीच्या आधी चौदा दिवस रोजची गोळी बंद करायची. आणि तपासणीच्या दिवशी सकाळी उपाशी यायचं."

आई त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मग बाई तेच पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. बाहेरून एक नर्स आत डोकावून गेली. मोठ्याने बोललं की ओठ वेडेवाकडे होतात आणि उरलंसुरलंही वाचता येत नाही, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी जीभ दातांखाली धरली.

"बाई, मी करून दाखवू का?" कारकून म्हणाला. तो उत्साहाने उठला. हात वर करून त्याने सूर्य उगवल्याचं दाखवलं. पोटावर थाप मारली. दोन्ही हात आडवे हलवून 'नाही नाही' केलं. मग तोंडात गोळी टाकल्यासारखं करून ती परत बाहेर काढली आणि खिशात ठेवली.

आई बाबांकडे वळून म्हणाली, "याचं पोट बिघडलंय का?"

बाबा म्हणाले, "सकाळपासून."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. हसू आवरताना माझ्या नाकातून कसलासा आवाज आला.

शेवटी आईने चिठ्ठी स्वतःकडे ओढली. आता इथे एक सांगते. लोकांना वाटतं, ऐकू येत नाही तर लिहून दिलं की झालं. पण आईची पहिली भाषा हातांची. लिहायची भाषा ती शाळेत शिकली, तीही दुसऱ्यांच्या ओठांकडे बघून. सुटे शब्द कळतात, पण त्यांची जोडणी तिच्या भाषेत वेगळी असते. आईने एकेका शब्दावर बोट ठेवलं: चौदा. दिवस. गोळी. बंद. उपाशी. तिचं कपाळ आक्रसलं. तिने वर बघून विचारलं, "चौदा दिवस उपाशी राहायचं?"

अर्थात हातांनी. बाईंना त्यातलं अक्षरही कळलं नाही. पण आईचा चेहरा प्रश्नाचा होता, तिचं बोट चिठ्ठीवर होतं, आणि बाईंना वाटलं, आता जमलं.

"हो हो! बरोबर!" त्या जोरजोरात मान हलवत म्हणाल्या. "बघा, कळलं की! उगाच एवढा बाऊ केला."

आई बाबांना म्हणाली, "चौदा दिवस उपाशी." बाबांनी डोळे मोठे केले. "मरशील," ते म्हणाले. "विचार परत." आईने परत विचारलं. बाईंनी परत मान हलवली, आणि वर आईचा हात थोपटला.

माझे हात मांडीखाली जळत होते. खरंच सांगते, वक्तृत्वाचा कप मिळवणं याच्यापुढे काहीच नाही. दोन वाक्यांचं काम होतं. मी मिशीकाकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते बाईंची मान हलताना बघत होते, छपाईत चुकलेलं पान बघावं तसे.

"बाई," माझ्या तोंडून निघूनच गेलं, "तुम्ही आत्ता कशाला हो म्हणालात, माहितीय का?"

"कशाला म्हणजे?"

"आईने विचारलं, चौदा दिवस उपाशी राहायचं का. तुम्ही दोनदा हो म्हणालात."

कारकून हळूच खाली बसला. बाईंचा हात आईच्या हातावरून निघाला. मग त्या माझ्यावर चिडल्या, आणि त्यांचं चिडणं मला कळलंही.

"मग तू गप्प का बसलीस? तुला येतंय ना! सख्ख्या आईचा प्रश्न आहे आणि मुलगी शोभेची बाहुली होऊन बसलीय. काळजी नाही का वाटत आईची?"

हे लागलं. नेमकं तिथेच लागलं.

मी मिशीकाकांकडे पाहिलं. त्यांना शब्द कळले नव्हते, पण माझा चेहरा कळला. त्यांनी ओठांजवळ अंगठा आणि बोट धरलं आणि चोच उघडली. मग माझ्या छातीकडे बोट केलं. तुझं. तुझं स्वतःचं बोल.

मी हात बाहेर काढले. तळव्यांवर वेताची जाळी उमटली होती. हातांनी आणि तोंडाने एकदम बोलता येतं असं लोकांना वाटतं, पण मग दोन्हीची खिचडी होते. एकाला आधी आणि एकाला नंतर सांगावं लागतं. रोज ऐकू येणारी माणसं आधी असतात. त्या दिवशी मी आईकडे वळले आणि बाईंना म्हटलं, "तुम्ही थांबा. आधी आईला."

आणि मी सांगितलं. थोडं आईला, मग तेवढंच बाईंना, मग पुन्हा आईला.

मी बारा वर्षांची होते. याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. आई खुर्चीत, मी मधे उभी. डॉक्टर म्हणाले, "गळ्यात गाठ आहे. कापून काढावी लागेल. महिन्याभरात या, उशीर करू नका. सांग आईला." आणि मला खूण माहीत होती. गळ्यावर बोट ठेवायचं आणि इकडून तिकडे ओढायचं. मी बोट उचललंसुद्धा. आई माझ्याकडे बघत होती, आणि मला आईसमोर स्वतःच्या गळ्यावरून ते बोट ओढता आलं नाही. मी सांगितलं, "छोटी गाठ आहे. गोळ्यांनी विरघळेल." आई हसली. डॉक्टरांना वाटलं, शूर बाई आहे. आम्ही घरी आलो. दोन महिने आई औषधाच्या दुकानातल्या खोकल्याच्या गोळ्या चोखत बसली आणि मी रोज तिच्या गळ्याकडे बघत बसले. पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टर ओरडले, "इतका उशीर का केलात? आधी आला असतात तर कदाचित थायरॉइडची अर्धीच ग्रंथी काढून भागलं असतं." मी आईला सांगितलं, "गर्दी फार आहे, म्हणून वैतागलेत." मग डॉक्टरांनीच कागदावर चित्र काढून आईला कापायचं ते दाखवलं आणि पूर्ण ग्रंथी काढली. तेव्हापासून आई रोज सकाळी एक गोळी घेते. जन्मभर घ्यायची. आणि रोज सकाळी पाण्याचा पेला मी भरून देते.

"काळजी वाटत होती म्हणूनच खोटं बोलले," मी बाईंना म्हटलं. "तुम्ही म्हणता तशी गोड मुलगीच होते मी. म्हणून तर."

खोलीत पंखा फिरत होता, तो फक्त मला, बाईंना आणि कारकुनाला ऐकू येत होता.

मग आई बोलायला लागली. आईला इतक्या वेगाने बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. हात असे चालले होते की टेबलावरचे कागद उडाले. तिचे डोळे भरले होते आणि भुवया रागाच्या होत्या. एकदा तिने दोन बोटं माझ्या नाकासमोर धरली, दोन महिने! एकदा तिने दारापलीकडे, दुसऱ्या मजल्याच्या दिशेने हात झाडला. बाबांनी मधे काही म्हणायला हात उचलला, तर तिने तो खालीच दाबला.

"काय म्हणतायत त्या?" बाई हळूच मला म्हणाल्या. "बाळा, काय म्हणतायत?"

मी हात पुन्हा मांडीखाली घातले.

बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी हॉस्पिटलचं पत्र उलटं केलं, कानामागची पेन्सिल काढली आणि सोफ्यावर माप लिहितात तशा ठळक अक्षरांत लिहिलं: 'ती काय बोलली, पाहिजे? दुभाषी ठेवा.'

बाईंनी ते बराच वेळ वाचलं. मग पत्र घडी न घालता फाइलमध्ये ठेवलं.

आई काय बोलली ते त्यांना आजही माहीत नाही. तुम्हाला सांगते. ती म्हणाली, "दोन महिने तू एकटी हे पोटात घेऊन शाळेत जात होतीस? मी तुझ्या डब्यात काय भरलं याची चौकशी करत होते आणि तू! घरी चल, बघतेच तुला. पण बारा वर्षांची होतीस तू. माझ्यासमोर गळ्यावर बोट फिरवायला या एवढ्या मोठ्या इमारतीत एक मोठं माणूस नव्हतं?"

घरी आल्यावर तिने खरंच बघितलं. चपला काढायच्या आत मला स्वयंपाकघरात उभं केलं, दिवा लावला आणि म्हणाली, "आता दाखव. तेव्हा दाखवायचं होतंस ते."

मी बोट उचललं. गळ्यावर ठेवलं. इकडून तिकडे ओढलं.

आईने आपली मान वर केली. तिथली पांढरी रेघ दाखवली. "बघ," ती म्हणाली, "कापलं. आणि मी तुला ओरडायला शिल्लक आहे." मग तिने माझं बोट धरून स्वतःच्या रेघेवरून फिरवलं आणि मग मला काही दिसेना, कारण मी रडत होते, आणि आमच्या घरात डोळे पुसल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही.

बाराव्या दिवशी मंडळात पत्र आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुभाषी, आधी सहा महिन्यांसाठी. मिशीकाकांनी ते भिंतीवर लावलं आणि खाली लगेच नवा अर्ज लिहायला घेतला, उरलेल्या दिवसांसाठी.

आईची तपासणी मंगळवारी झाली. ती फक्त त्या सकाळी उपाशी होती आणि कुरकुर मात्र चौदा दिवसांची केली. रिपोर्टही त्याच दुपारी मिळायचा होता. दुभाषी ताई साध्या काळ्या कपड्यांत आली, हात नीट दिसावेत म्हणून. तिने आईला नाव विचारलं, आईने हाताने सांगितलं. मग तिने माझं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "चिमणी. ही बाहेर बसणार आहे."

दार बंद झालं. दाराला काच होती. काचेतून आईची पाठ आणि ताईचे हात स्पष्ट दिसत होते, आणि आमची भाषा काचेतून अगदी आरामात ऐकता येते, हाच तिचा फायदा आणि हाच तोटा. ताईचा हात गळ्याकडे गेला. मी उठले, बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि दाराकडे पाठ करून बसले. समोर हात धुण्याबद्दलची पाटी होती. ती मी अकरा वेळा वाचली. माझा जीव नुसता टांगणीला! इतकी वर्षं मी आत असायचे, सगळ्यांच्या आधी सगळं मला कळायचं. बाहेर बसणं इतकं अवघड असतं हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.

खांद्यावर टकटक झाली. आई उभी होती. ताई मागे, हात समोर बांधून. दोघींच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

आईने पिशवी खांद्याला लावली. कागद घडी करून ब्लाउजमध्ये घातला.

"गर्दी फार आहे," ती म्हणाली, "म्हणून वैतागलेत."

"आई! रिपोर्ट काय आला?"

"दोन महिन्यांनी सांगते."

आणि ती चालायला लागली. जिन्याच्या वळणावर तिला हसू आवरलं नाही, खांदे हलायला लागले, आणि मग त्या आख्ख्या शांत व्हरांड्यात तिचं हसू फुटलं. बाबांच्या कपाटापेक्षाही मोठं. बाकांवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. मी त्यांना काही समजावलं नाही. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत तिच्या मागे पळत सुटले.